तेराव्यानंतरचे मित्र

पन्नाशी ओलांडलेल्या मराठी पुरुषाच्या घरात मृत्यू झाला की पहिले तेरा दिवस त्याच्या हाताला पुरेसे काम असते. अग्नी देणे, अस्थी गोळा करणे, बाणगंगेवर दहाव्याचे पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणे, भेटायला येणाऱ्यांसमोर बसून शेवटच्या आजारपणाची हकीकत पुन्हा पुन्हा सांगणे, या सगळ्यात तो एकटा नसतो. विधींवर माझी श्रद्धा किती, हा प्रश्न वेगळा. पण दुःखी माणसाला चार माणसांत बसवण्याचे काम ते करतात, हे मी मनापासून मानतो. चौदाव्या दिवशी मात्र तो खांद्याला बॅग लावून लोकल पकडतो आणि त्यानंतर त्याला कोणी काही विचारत नाही. मित्रांचे खरे काम त्या दिवसापासून सुरू होते, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

आमच्या शाळेपासूनच्या मित्रांपैकी एकाची पत्नी कर्करोगाने गेली. मृत्यूचा दाखला, बँकेतली कागदपत्रे, सोसायटीच्या भागपत्रावरचे नाव, हे सारे त्याने इतक्या नेटकेपणाने उरकले की तो सावरला, असे सर्वांनी गृहीत धरले. काही महिन्यांनी, रविवारच्या फेऱ्या मारून आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो असताना, तो मैदानातल्या मुलांची नेट प्रॅक्टिस पाहत बोलू लागला. घरच्या गॅसचे बुकिंग अजून तिच्याच नंबरवर होते आणि सिलिंडर घेताना सांगावा लागणारा कोड तिच्या मोबाइलवर येत असे, म्हणून तो फोन रोज चार्ज करत होता. नंबर बदलण्याचा अर्ज त्याने भरून ठेवला होता, पण तो द्यायला पाऊल उचलत नव्हते. मग तो म्हणाला, “रात्री झोप लागत नाही रे, आणि लागली तर सकाळी उठावंसं वाटत नाही.”

आमच्यातल्या एकाने त्याला तिथेच विचारले, “उठावंसं वाटत नाही म्हणजे? जीव द्यावासा वाटतो का तुला?” त्यावर तो म्हणाला, “तसं नाही. पण झोपेतच गेलो तर बरं होईल, असं वाटतं.”

असा थेट प्रश्न विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. मानसोपचार क्षेत्रातला अनुभव आणि संशोधन याच्या उलट सांगते. विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये भारतात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत सुमारे 72 टक्के पुरुष होते, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. हा आकडा माहीत असताना मित्राला अवघड प्रश्न विचारण्याचा संकोच बाळगणे मला परवडणारे वाटत नाही.

त्या दिवशी कट्ट्यावर बाकीचेही बोलले. एकाची आई 2021 च्या एप्रिलमध्ये करोनाने गेली होती. तिचा चेहरा त्याला नीट पाहता आला नाही, दहावा-तेरावा माणसांविना झाला, आणि तिच्याविषयी तो तोवर कोणाशीच बोलला नव्हता. दुसरा बराच काळ नैराश्यावरच्या गोळ्या घेत होता आणि घरच्यांना त्या रक्तदाबाच्या म्हणून सांगत होता. समोरासमोर बसून यांतले काहीही निघाले नसते, असे मला वाटते. शेजारी बसून, नजर मैदानावर ठेवून पुरुषांना बोलणे सोपे जाते. रात्रीच्या ‘बसण्यात’ही जिभा सुटतात, हे खरे, पण तिथे सांगितलेले दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू विसरल्याचे दाखवतात, शिवाय दारूने झोप आणि मन दोन्ही अधिक बिघडते, म्हणून त्या मोकळेपणावर माझा विश्वास नाही.

पत्नी गेलेल्या पुरुषाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्या घरांत मावशीला फोन करणे, भाच्याच्या परीक्षेची चौकशी करणे, शेजाऱ्यांकडे फराळ पोहोचवणे, हे बहुधा बाईच करते आणि नवऱ्याची नाती तिच्यामार्फत चालतात. ती गेल्यावर तिच्याबरोबर त्याची निम्मी माणसेही तुटतात, आणि हे तुटणे कोणाच्या ध्यानातही येत नाही. “मन घट्ट कर”, “मुलांकडे बघ” ही वाक्ये अशा वेळी काही उपयोगाची नसतात. “आज जेवलास का, काय जेवलास?” हा प्रश्न उपयोगाचा असतो, आणि तिचे नाव घेऊन तिची एखादी आठवण सांगणे त्याहून अधिक.

दुःख हा आजार नव्हे आणि ते किती दिवसांत ओसरावे, याचे वेळापत्रक नसते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या, 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान आहे: सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ किंवा वेदना टिकून राहिली, ती त्या समाजात स्वाभाविक मानल्या जाणाऱ्या शोकापलीकडे गेली आणि रोजचे जगणे विस्कळीत झाले, तर मदत घ्यावी. मुंबईत केईएम, नायर आणि शीव या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण द्यावे, असे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. हे आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते.

आमचा मित्र डॉक्टरकडे गेला, पण एकटा गेला नाही. आमच्यापैकी एक जण रजा काढून बाहेरच्या बाकावर बसला. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात, हे डॉक्टरांनी सांगितलेले दोघांनीही ऐकले, हे फार बरे झाले, कारण दुसऱ्याच आठवड्यात “काही फरक नाही, सोडून देतो” असे तो म्हणाला तेव्हा त्याला थांबवणारे कोणी तरी होते. आता त्याच्या तपासणीच्या तारखा आमच्या कॅलेंडरमध्येही नोंदवलेल्या आहेत आणि प्रत्येक वेळी बरोबर कोण जाणार, हे आधीच ठरलेले असते.