आमची वाटचाल : गार्डच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणी करायचा?

आमची सुरक्षा संस्था लहान आहे. पुणे जिल्ह्यातील काही मध्यम कारखाने, दोन-तीन गोदामे, एक रुग्णालय आणि मोजक्या गृहनिर्माण सोसायट्या एवढाच आमचा व्याप असून तो फार वाढवावा अशी घाईही आम्हांला कधी नव्हती. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या विभागात, अनेक वर्षे नोकरी केल्यावर मी या व्यवसायात उतरलो, तेव्हा गेटवर माणूस उभा करणे म्हणजेच सुरक्षा, असा समज ग्राहकांमध्ये होता आणि बऱ्याच एजन्सीचालकांमध्येही होता. गणवेश, शिट्टी, काठी आणि रजिस्टर हाती दिले की कालपर्यंत बांधकामावर काम करणारा मुलगा आज सिक्युरिटी गार्ड होत असे. आमची वाटचाल ही मुख्यतः या समजाशी झालेल्या झटापटीची हकिगत आहे, आणि त्या झटापटीत आमच्या बाजूने उभा राहिलेला सर्वांत मोठा आधार म्हणजे कायद्याने ठरवून दिलेले प्रशिक्षण.

खाजगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ सालचा असून तो १४ मार्च २००६ पासून अमलात आला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आमच्या क्षेत्रात त्याला ‘पसारा’ म्हणतात आणि ‘पसारा लायसन्स आहे का?’ हा नव्या ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो. परवान्याचे शुल्क एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० रुपये आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये, असे कायद्यातच ठरलेले आहे. आम्ही अर्थातच एका जिल्ह्यापासून सुरुवात केली. शुल्क भरणे सोपे होते. अवघड भाग पुढचा होता, कारण गार्डचे वय १८ ते ६५ असावे, त्याच्या चारित्र्याची पडताळणी झालेली असावी आणि त्याने विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, अशा अटी कायदा घालतो आणि त्या मोडल्यास दंडाबरोबरच परवाना निलंबित किंवा रद्द होण्याची वेळ येऊ शकते. परवानाधारकाने स्वतःही सुरक्षा सेवेचे प्रशिक्षण घ्यावे अशी अट नियमांत आहे. ती मला सुरुवातीला जाचक वाटली, पण वर्गात बसल्यावर लक्षात आले की टाइम ऑफिसच्या खिडकीतून गेट पाहणे आणि प्रत्यक्ष गेट सांभाळणे ही दोन निराळी कामे आहेत.

केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांनी नव्या गार्डसाठी किमान १०० तास वर्गातील शिक्षण आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवरील शिक्षण ठरवले, आणि हे १६० तास किमान २० कामकाजाच्या दिवसांत विभागलेले असावेत असे सांगितले. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी ४० तास वर्ग व १६ तास प्रत्यक्ष, किमान सात कामकाजाच्या दिवसांत, असा संक्षिप्त अभ्यासक्रम आहे. कागदावर ही व्यवस्था सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात, परवान्यासाठी प्रशिक्षण संस्थेशी करारनामा करताना आम्हांला पहिल्याच भेटीत एका चालकाने विचारले की मुले पाठवणार आहात की फक्त नावे. नुसत्या नावांचा दर अर्थातच कमी होता. तिथून आम्ही उठलो आणि खऱ्या मैदानावर खरी कवायत घेणारी दुसरी संस्था शोधली. ती दूर होती, महाग होती आणि तिच्या तुकडीच्या तारखा आमच्या सोयीच्या नव्हत्या.

खरी अडचण तारखांचीही नव्हती. गार्ड होण्यासाठी येणारा उमेदवार बहुधा मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेला असतो, मित्राच्या खोलीवर उतरलेला असतो आणि त्याला आजच ड्यूटी हवी असते. त्याला ‘तीन-चार आठवडे शिक, मग पगार सुरू होईल’ असे सांगितले, तर तो समोरच्या एजन्सीत जातो आणि तिथे त्याच रात्री पोस्टवर उभा राहतो. म्हणून प्रशिक्षणाच्या काळात निवास, दोन वेळचे जेवण आणि थोडे विद्यावेतन आम्ही द्यायचे, असे ठरवले. पहिली काही वर्षे या एका निर्णयाने आमचा नफा जवळजवळ खाऊन टाकला. शिकवून तयार केलेला गार्ड दोनशे रुपयांच्या फरकासाठी दुसरीकडे जातो, तेव्हा त्याच्यावर केलेला खर्चही त्याच्याबरोबर जातो. याला उपाय म्हणून काही जण उमेदवाराची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवतात. ते आम्ही केले नाही. पगार ठरल्या तारखेला देणे, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय वेळेवर भरणे व रिलीव्हर, म्हणजे बदली गार्ड, नसल्याच्या नावाखाली माणसाला सलग डबल ड्यूटी न करायला लावणे, एवढ्यावर आमची गळती हळूहळू कमी झाली. झोप न झालेल्या माणसाचे प्रशिक्षण पहाटे तीनच्या राउंडला उपयोगी पडत नाही, हे सांगायला कोणत्याही नियमाची गरज नाही.

अभ्यासक्रमातील विषयांची यादी लांब आहे : गणवेश आणि लोकांशी वागणूक, शारीरिक तंदुरुस्ती, इमारत व मालमत्तेची सुरक्षा, आगविरोधी उपाय, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रांची तपासणी, स्फोटक वस्तू ओळखणे, प्रथमोपचार, आपत्तीतील प्रतिसाद, सुरक्षा उपकरणांचा वापर, कायद्याची प्राथमिक माहिती आणि पोलीस व सैन्यदलांतील पदचिन्हे ओळखणे. यांपैकी काही विषय आमच्या जागांवर क्वचितच लागतात. उलट वरवर किरकोळ वाटणारी एक अपेक्षा रोज लागते, ती म्हणजे ओळखपत्रांवरील इंग्रजी अक्षरे आणि अंक वाचता येणे. दहावीपर्यंत शिकलेली मुलेही इंग्रजी अक्षरे घाईत चुकीची उतरवतात आणि गेटच्या रजिस्टरमधील गाडीचा चुकलेला नंबर चोरीच्या तपासात निरुपयोगी ठरतो. म्हणून आम्ही ६० तासांतील बराच वेळ गेटवरच घालवतो. वाहनांच्या नंबरातील मालिकेच्या अक्षरांत ‘ओ’ आणि ‘आय’ वापरत नाहीत, त्यामुळे तिथे गोल दिसले तर ते ‘डी’ किंवा ‘क्यू’ असू शकते, ‘ओ’ नव्हे, असे एकदा सांगितले की मुले थांबून पुन्हा पाहू लागतात. परत येणाऱ्या मालाचा गेट पास आणि परत न येणाऱ्या मालाचा गेट पास यांतला फरक, मालासोबतच्या चलनावरील नगांची संख्या गाडीत चढून मोजणे, रिकामी म्हणून बाहेर जाणाऱ्या गाडीची केबिन आणि टूलबॉक्स उघडून पाहणे, हे सगळे फळ्यावर शिकवता येत नाही.

आगीचा पाठ आम्ही विशेष आग्रहाने घेतो. पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडे डिझेल पेटवून प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याच्या हातात सहा किलोचा पावडरचा अग्निशामक दिला जातो. वर्गात ‘पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा’ हे सर्वांनी पाठ केलेले असते. तरीही ज्वाळा समोर आल्या की पहिला मुलगा पिन तशीच ठेवून दांडा दोन्ही हातांनी आवळतो आणि सिलिंडर खराब आहे असे ओरडतो. दुसरा पिन काढतो, पण ज्वाळेच्या टोकावर पावडर मारतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेला उभा असल्याने स्वतःच पांढरा होऊन बाहेर येतो. हा सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, दुसरी संधी देत नाही. वारा पाठीशी घेणे, परतीची वाट मागे मोकळी ठेवणे, विजेच्या आगीत आधी मेन स्विच बंद करणे, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा भोंगा उघड्या हाताने न धरणे आणि सर्वांत आधी कोणाला तरी १०१ किंवा ११२ वर फोन करायला सांगणे, हे मुले हातानेच शिकतात. त्यासाठी मुदत संपत आलेले सिलिंडर रिफिलिंगला देण्यापूर्वी सरावासाठी आम्हांला वापरू द्यावेत, अशी विनंती आम्ही ग्राहकांना करतो, आणि बहुतेक जण ती मान्य करतात.

कायद्याचा पाठ मात्र दोनदा नव्याने बांधावा लागला. सुरुवातीला आमचे प्रशिक्षक कलमांचे क्रमांक घोकून घेत. त्याने परीक्षा होत असे, पण गार्डला आपला अधिकार किती, हे कळत नसे. आम्ही तो पाठ प्रसंगांवर बेतला. नंतर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आणि सगळी टिपणे बदलावी लागली. खाजगी संरक्षणाच्या हक्काची दंड संहितेतील ९६ ते १०६ ही कलमे न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली. एफआयआरसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ आले. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० आहे. आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला खाजगी व्यक्ती पकडू शकते, पण त्याला विनाकारण विलंब न करता आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे, अशी मर्यादा त्यात आहे. संशयिताला केबिनमध्ये कोंडून साहेब येईपर्यंत ‘विचारपूस’ करण्याची जी जुनी सवय अनेक गेटांवर आहे, ती गार्डलाच बेकायदा डांबून ठेवण्याच्या, म्हणजे न्याय संहितेच्या कलम १२७ च्या गुन्ह्यात अडकवू शकते. गार्डला पोलिसांचे अधिकार नाहीत, झडती संमतीनेच घ्यायची आणि महिलांची झडती महिला गार्डनेच घ्यायची, हे वाक्य प्रत्येक तुकडीत इतक्या वेळा येते की मुले ते आमच्या आधी म्हणतात.

माजी सैनिकांबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. नेमणुकीत त्यांना प्राधान्य देण्याची मुभा कायदाच देतो, आणि शिस्त, टर्नआउट (गणवेशातील टापटीप) व रात्रीची जागरूकता यांत त्यांना तोड नाही. पण पलटणीत हुकूम चालतो आणि सोसायटीच्या गेटवर विनंती चालते. वाहनतळावर चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्या रहिवाशाशी आवाज न चढवता बोलणे हे काही सुभेदारांना डोंगरावरच्या गस्तीपेक्षा कठीण वाटले, असे त्यांनीच हसत सांगितले. संक्षिप्त अभ्यासक्रमातील तास आम्ही त्यामुळे कवायतीवर न घालवता संभाषण, तक्रार नोंदवणे आणि रुग्णालयातील संतप्त नातेवाइकांना सांभाळणे यांवर घालवतो.

शारीरिक निकषही नियमांत स्पष्ट आहेत : पुरुषांसाठी उंची किमान १६० सेंटिमीटर, महिलांसाठी १५०, पुरुषांची छाती ८० सेंटिमीटर आणि फुगवल्यावर चार सेंटिमीटर अधिक, रंगांधळेपणा नसावा, आणि एक किलोमीटर अंतर सहा मिनिटांत धावता यावे. भरतीच्या दिवशी हे सगळे जमते. पुढे बसून बारा-बारा तास काढणाऱ्या माणसाचे पोट आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, आणि दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद यासाठीच आहे. ती आम्ही टाळत नाही, कारण एकदा त्या तपासणीत एका ज्येष्ठ गार्डच्या हृदयाचे दुखणे वेळेवर लक्षात आले होते.

ग्राहकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. खरेदी विभागापुढे पाच कोटेशन्स येतात, त्यांत किमान वेतन आणि वैधानिक वर्गणी सर्वांची सारखीच असायला हवी, आणि निर्णय सर्व्हिस चार्जच्या, म्हणजे एजन्सीच्या स्वतःच्या आकारणीच्या, टक्क्यांवर होतो. ज्याचा टक्का सर्वांत कमी, तो प्रशिक्षणाचे पैसे कुठून आणणार, हा प्रश्न खरेदी विभागाने विचारायचा नसतो, असा एक अलिखित संकेत दिसतो. आम्ही कोटेशनमध्ये प्रशिक्षण आणि रिलीव्हर यांच्या खर्चाच्या दोन स्वतंत्र ओळी दाखवू लागलो, तेव्हा काहींनी त्यांवर सरळ काट मारली आणि काही कामे आमच्या हातून गेली. ज्यांनी त्या ओळी मान्य केल्या, त्यांना आम्ही प्रत्येक गार्डचे प्रमाणपत्र, पडताळणीचा दाखला आणि वैद्यकीय अहवाल फाइलमध्ये देतो, आणि प्रशिक्षण चालू असताना वर्ग पाहायला या, असे निमंत्रणही देतो. निमंत्रण स्वीकारून आलेले ग्राहक सहसा दराबद्दल पुन्हा वाद घालत नाहीत.

सध्या आमचे लक्ष सुपरवायझरांवर आहे. पंधरापेक्षा अधिक गार्डांमागे एकच सुपरवायझर ठेवता येत नाही, आणि गार्ड वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असून एकाला देखरेख शक्य नसेल तर किमान दर सहा गार्डांमागे एक असावा, असे नमुना नियम सांगतात. आमच्यासारख्या विखुरलेल्या छोट्या जागा सांभाळणाऱ्या संस्थेला हा खर्च जड जातो. शिवाय सुपरवायझर नेमताना सैन्यदल, पोलीस किंवा होमगार्ड यांतील किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्याला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो, त्यामुळे गेटवर तयार झालेल्या हुशार मुलाला ते पद सहजासहजी देता येत नाही. अशा मुलांना आम्ही प्रशिक्षक म्हणून तयार करत आहोत. नव्या तुकडीचा गेट पासचा आणि आगीचा पाठ आता तेच घेतात, आणि त्या दिवसांचा त्यांना वेगळा भत्ता मिळतो, जो कोटेशनमधील प्रशिक्षणाच्या ओळीतूनच दिला जातो.