पिनांगला कुठे राहायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मलेशियात, पिनांग बेटावर राहतो. इथे बायान लेपासच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांमध्ये आपली बरीच इंजिनीअर मंडळी आहेत, त्यामुळे पुण्या-नाशकाहून कोणी ना कोणी येतच असतं आणि तिकीट काढायच्या आधी प्रत्येकाचा तोच मेसेज, "अगं, हॉटेल बीचवर घेऊ की गावात?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सरळच सांगते, गावात घ्या. गावात म्हणजे जॉर्जटाउनमध्ये, आणि तिथेही जुन्या भागात, जो २००८ साली मलाक्का शहराबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला तो भाग.

बीच म्हणजे बातू फेरिंगी. रिसॉर्ट छान आहेत तिथली, लहान मुलं आणि स्विमिंग पूल एवढाच बेत असेल तर खुशाल जा. पण पाणी निळंशार वगैरे नाही, जेलीफिश असतात, आणि जुन्या शहरात यायचं तर वळणावळणाच्या रस्त्याने बसमध्ये सहज पाऊण-एक तास जातो. मग होतं काय, लोक हॉटेलचा नाश्ता आटोपून निघतात, ऐन दुपारी बाराला येऊन पोचतात, घामाघूम होतात, भिंतीवरच्या चित्रांसमोर फोटो काढतात आणि परत. हे शहर सकाळी नऊच्या आत आणि ऊन उतरल्यावर बघायचंय हो! इथे वर्षभर उकाडाच असतो, दुपारी खोलीवर येऊन दोन तास पडता यायला हवं, आणि ते खोली चालत गाठण्याइतकी जवळ असेल तरच जमतं. सकाळी खाली उतरलं की कुआन यिन या चिनी देवीच्या देवळात उदबत्त्यांचा धूर, थोडं पुढे मारिअम्मनच्या देवळाजवळ गजरेवाले, आणि तिथेच आसपास १८०१ सालची कपितान केलिंग मशीद, १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, सगळं पायी.

आता जुन्या भागात खोली म्हणजे बहुतेक वेळा शॉपहाउस. खाली दुकान, वर घर, रुंदीला अगदी कमी आणि आत लांबच लांब, मधोमध उजेड-वाऱ्यासाठी उघडी जागा, आपल्या वाड्यातल्या चौकासारखी. मला ही घरं मनापासून आवडतात, पण बुक करताना एक गोष्ट नीट बघा. घर एवढं खोल असल्यामुळे मधल्या खोल्यांना बरेचदा खिडकीच नसते, किंवा असते ती आतल्या चौकात उघडते, आणि फोटोत ते कळत नाही. जिने लाकडी आणि खडे असतात, लिफ्ट क्वचितच. आई-बाबा बरोबर असतील तर तळमजल्याची खोली आहे का ते आधी विचारा, नसेल तर सरळ दुसरं हॉटेल बघा, हौसेपायी त्यांचे गुडघे पणाला लावू नका.

गल्लीही बघून घ्या. लेबुह चुलिया (लेबुह म्हणजे रस्ता) आणि लव्ह लेनला रात्री उशिरापर्यंत बार आणि गाणी चालतात, तरुण पोरांना मजा येते पण झोप हवी असेल तर नको. मुन्त्री स्ट्रीट, स्ट्यूअर्ट लेन त्या मानाने शांत. घरात कोणी पक्कं शाकाहारी असेल तर लिटल इंडियाजवळ म्हणजे लेबुह पासार, लेबुह पिनांगच्या आसपास घ्या, सकाळी इडली, दुपारी केळीच्या पानावर जेवण, एकदम सोय होते.

आणि एक सांगायचंच आहे. इथे १९६६ चा भाडेनियंत्रण कायदा होता, त्यामुळे पिढ्यानपिढ्या साधी कुटुंबं थोडक्या भाड्यात याच घरांत राहायची. २००० च्या सुरुवातीला ते संरक्षण गेलं, भाडी एकदम चढली आणि कितीतरी जण बाहेर पडले, आणि आज ज्या सुंदर बुटीक हॉटेलांचे फोटो तुम्ही मला पाठवता त्यातल्या बऱ्याच इमारतींचा इतिहास हाच आहे. म्हणून राहू नका असं मी म्हणत नाही, पडून राहिलेली घरं हॉटेलवाल्यांनी दुरुस्त करून वाचवलीही आहेत. पण माझं मत विचाराल तर जिथे शेजारी अजून माणसं राहतात, समोर वेतकाम करणारा, उदबत्ती करणारा, टोप्या शिवणारा असं काहीतरी चालू आहे अशी गल्ली निवडा, खोली थोडी साधी असली तरी चालेल, आणि नाश्ता, चहा, कपडे धुणं या गल्लीतल्याच लोकांकडे करा. चू जेट्टीसारख्या ठिकाणी, जिथे पाण्यावर खांब रोवून एकेका आडनावाची वस्ती बसली आहे, तिथे फिरताना लोकांच्या दारातून आत कॅमेरा घालू नका, ती त्यांची राहती घरं आहेत.

पैशाचं म्हणाल तर परदेशी पाहुण्यांना खोलीमागे रात्रीला १० रिंगिट टुरिझम टॅक्स असतो, तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो बरेचदा, काउंटरवर मागतात, तेव्हा तिथे वाद घालत बसू नका.

येताना क्वालालंपूरहून ट्रेनने बेटासमोरच्या किनाऱ्यावर बटरवर्थला या, साधारण चार तास, आणि तिथून फेरी घ्या. फेरी जुन्या शहराच्या अगदी काठालाच लागते, बॅगा हलक्या असतील तर टॅक्सीचीही गरज नाही. बीचसाठी एक संध्याकाळ काढा, १०१ नंबरची बस जाते. तारखा ठरल्या की मला गल्लीचं नाव पाठवा, मी जाऊन रात्री तिथे किती आवाज असतो ते बघून सांगते.