दूध अडीच लिटर

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी, दुपारचं जेवण उरकलं की मी जुनं कालनिर्णय खिळ्यावरून काढून टेबलावर पसरतो आणि शेजारी नवं ठेवतो. लाल पेन, जवळचा चष्मा, आणि स्वयंपाकघरातून हिची सूचना : "आधी टेबल पुसलंय का बघा. नव्यावर तेलाचा डाग नको." नवं दिवाळीच्या आगेमागे घरात येऊन कपाटावर गुंडाळून पडलेलं असतं, पण एक जानेवारीच्या आत ते भिंतीवर चढत नाही. आणि चढलं तरी पहिला आठवडाभर जुनं त्याच्या मागे लटकत राहतं, कारण दूधवाल्याचा डिसेंबरचा हिशेब व्हायचा असतो.

जुन्यातून नव्यात उतरवायचं काय, तर वाढदिवस, विम्याचे हप्ते, घरपट्टी, गाडीची पीयूसी, गॅसची नळी बदलायची तारीख. काम अर्ध्या तासाचं. पण मी वाचत बसतो. चौकोनाचौकोनात हिचं बारीक अक्षर : 'दूध नको', 'खाडा', 'सिलिंडर लावला', 'इस्त्री १४ नग', 'गहू दळायला दिले'. मार्चात ओळीनं खाडे आहेत आणि त्यांच्या खाली 'मावशींच्या भाचीचं लग्न'. याच भाचीचं लग्न गेल्या वर्षीच्या कॅलेंडरातही झालेलं आहे, पण तो विषय घरात काढायचा नसतो. कामाला बाई मिळणं किती अवघड आहे हे पुरुषांना कळत नाही, असं ऐकावं लागतं.

माझी एक खोड आहे. किती सुट्ट्या रविवारात बुडाल्या ते मी मोजतो. वास्तविक मी कर सल्लागार, ऑफिस माझंच, सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ दोन खोल्यांचं. सुट्टी मागणारा मी आणि नाकारणाराही मीच. तरी लाल तारीख रविवारवर पडलेली दिसली की जीव हळहळतो. २०२५ या बाबतीत दळभद्री निघालं. २६ जानेवारी रविवारी. गुढीपाडवा ३० मार्चला, रविवार. त्याच्या पुढच्याच रविवारी रामनवमी. ६ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरम, दोन्ही एकाच दिवशी, आणि तो दिवस कुठला, तर रविवार. दसऱ्यानं रविवार चुकवला तर तो २ ऑक्टोबरच्या अंगावर जाऊन पडला. दिवाळीत धनत्रयोदशी शनिवारी, नरक चतुर्दशी सोमवारी आणि मधला रविवार भाकड. पहाटे उठून अभ्यंगस्नान करावं तर ते दुसऱ्या दिवशी, झोपून राहावं तर घरात चकल्या चाललेल्या.

२०२६ सुधारल्यासारखं दिसतंय. २६ जानेवारी सोमवार, १ मे शुक्रवार, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला सोमवारी, २ ऑक्टोबर शुक्रवार, नाताळही शुक्रवार. महाशिवरात्र आणि लक्ष्मीपूजन तेवढे रविवारनं खाल्ले. हे सगळं मी पुण्याला सुनेला फोनवर वाचून दाखवलं. ती आयटीत आहे. "बाबा, भारीच! पानांचे फोटो पाठवा ना," म्हणाली. पाठवले. संध्याकाळी मुलाचा फोन : कोकणात कुठं कुठं चौकशी सुरू झाली आहे. जोडून आलेली सुट्टी आणि सांगली ही जोडी अजून त्यांच्या डोक्यात बसलेली नाही. नेलेलं भडंग संपलं की बसेल.

आमच्या धंद्याचं पंचांग निराळं. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २०ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, या आमच्या चतुर्थी-एकादशी. महिन्याच्या महिन्याला येणार आणि त्या दिवशी दुपारचं जेवण राहणार. ३१ जुलै म्हणजे आयकर रिटर्नची वारी. आमचे निम्मे पक्षकार हळदीचे नाहीतर बेदाण्याचे व्यापारी. सौदा मिनिटात तोडतील, पण कागद द्यायचे म्हटलं की त्यांना शेवटचे चार दिवसच दिसतात. त्यामुळे जुलैमध्ये मी घरी फक्त झोपायला येतो असा हिचा आरोप असतो. २०२५मध्ये मात्र मे संपता संपताच सरकारनं मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली. सगळे व्यापारी निवांत झाले, आणि करोनानंतर पहिल्यांदाच माझा जुलै मोकळा सुटला. त्याची भरपाई सप्टेंबरनं केलीच. १५ तारखेला मध्यरात्रीच्या तोंडावर आणखी एका दिवसाची मुदतवाढ आली. त्या चौकोनात माझ्या अक्षरात 'उद्या' एवढंच आहे. पुढच्या सोमवारी, २२ला, घटस्थापना आणि जीएसटीचे नवे दर एकाच दिवशी. इकडे ही परडीत माती पसरतेय आणि तिकडे फोनवर कुणीतरी विचारतंय, "साहेब, बारा टक्के गेलं म्हणता, मग आमचं पाचात जाणार का अठरात?"

तर तो मोकळा जुलै. मुलगी न्यू जर्सीहून दोन्ही नातींना घेऊन आली होती. पान उघडलं तर कोरं. गहू दळायला दिल्याची नोंद करणाऱ्या बाईनं नाती आल्याचं एका अक्षरानं लिहिलेलं नाही. कधी आल्या, पन्हाळ्याला कधी गेलो, धाकटी तापानं फणफणली ती रात्र कुठली, काही नाही. खाडेसुद्धा नाहीत, मावशींनी त्या महिन्यात एकही भाची उजवली नसावी. चौकोनांत फक्त दुधाचे आकडे : एक लिटर होतं त्याचं दोन झालं, दोनाचं अडीच. एका ठिकाणी साडेतीन, म्हणजे बासुंदी. ऑगस्टात १५ला शुक्रवारी गोकुळाष्टमी आणि शनिवारी दहीहंडी. तिथं एकदम चार, म्हणजे पुण्याचा नातूही आला होता. मग एके दिवशी 'दूध अर्धा'. तिथून पुढं पुन्हा खाडे, इस्त्री, सिलिंडर, सगळं सुरळीत.

हिला विचारलं, तू एवढं सगळं लिहितेस, मग हे का नाही? "ते काय विसरायचंय?" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मला तो दिवस आत्ताच आठवत नव्हता, पण बोललो नाही.

गणपती २७ ऑगस्टला होते. नातींची शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला, त्यामुळे निघणं भाग होतं. थोरलीनं जाताना विचारलं, "आजोबा, बाप्पा एक वीक आधी नाही का येऊ शकत?" आजीनं तिला पंचांग म्हणजे काय ते समजावलं. नात म्हणाली, "पण कुणाला तरी ईमेल करता येईल ना?" आमच्या धंद्यात येतो खरा. मुदतवाढीसाठी आम्ही दुसरं काय करतो?

नव्या कॅलेंडरात मी ८ मार्चला 'मुलीचं घड्याळ पुढे' आणि १ नोव्हेंबरला 'मागे' असं लिहिलं. रविवारी संध्याकाळी साडेसातला आमचा फोन असतो. उन्हाळ्यात तिथं सकाळचे दहा, नाती न्हाऊनमाखून बसलेल्या. हिवाळ्यात नऊ, त्या डोळे चोळत येतात आणि जांभया देत "आजी, जेवलीस?" विचारतात. कालनिर्णयात चंद्रोदय मिळतो, भरती-ओहोटी मिळते, हे एवढं आपलं आपल्याला लिहावं लागतं.

२०२६मध्ये आणखी एक भानगड. अधिक महिना. १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, म्हणजे जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे. न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या उत्तरार्धात सुटतात, म्हणजे जावई येणार तेव्हा महिना निज होऊन बसलेला. मी म्हटलं, पैसे पाठवून देऊ. हिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा विम्याचे हप्ते उतरवायला लागलो.

आमच्या लहानपणी तासगावात हे असं पानभर महिना दाखवणारं कॅलेंडर नव्हतं. भिंतीवर दुकानदारानं दिलेला तारखांचा गठ्ठा असायचा, वर देवाचं चित्र, खाली रोज एक पान फाडायचं. तिथी-नक्षत्र बघायला आबांचं सोलापूरचं दाते पंचांग, ते देवघरात. त्याला आम्ही हात लावायचा नाही. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं. आमच्याकडे ते पुढं काही वर्षांनी आलं तेव्हा आबा बरेच दिवस दोन्हीतल्या तिथ्या ताडून बघत होते, कुठं चूक सापडते का म्हणून.

पण खरी मजा त्या गठ्ठ्याची. पान कोण फाडणार यावरून मी आणि दादा रोज सकाळी भांडायचो. आंघोळीच्या आधी फाडलं तर आजी ओरडायची, म्हणून दोघंही थंड पाण्याचे दोन तांबे अंगावर घेऊन पळत यायचो. शेवटी दादानं तोड काढली : विषम तारखा त्याच्या, सम माझ्या. मला पटली. एक तू, एक मी, यात काय पटण्यासारखं नाही? महिनाअखेरीला त्यानं ३१चं पान फाडलं आणि दुसऱ्या दिवशी १चंही फाडलं. मी रडलो. तो शांतपणे म्हणाला, "दोन्ही विषम." असे वर्षात सात महिने, आणि लीप वर्षात फेब्रुवारीसुद्धा. तह करतानाच त्याला हे माहीत होतं. पुढं हिशेबाचा धंदा मी केला, तो शेती बघत राहिला. पण असला हिशेब मला कधी जमला नाही.

फाडलेली पानं तो जपायचा. पाठकोऱ्या बाजूवर गणितं करायचा, पावसाळ्यात होड्या. माझी पानं खिशात चुरगळून जायची.

वहिनींचा फोन दरवर्षी याच दिवसांत येतो. "भावजी, नवं आणलंत ना? ह्यांची तिथी बघा की कधी येते." घरात कालनिर्णय त्यांच्याही आहे, पण त्या मलाच विचारतात आणि मी लगेच पान काढतो. जितेपणी आपलं सगळं तारखेनं चालतं, वाढदिवसाचे केक तारखेला कापले जातात; माणूस गेला की तो तिथीवर जातो. कार्तिक वद्य प्रतिपदा, त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस. यंदा ६ नोव्हेंबरला झाली, २०२६मध्ये अधिक महिन्यानं ढकलून २५ला नेली आहे. वहिनी म्हणाल्या, "लांबलं म्हणायचं." मी म्हटलं, हो, लांबलं. मग ऊस, नातवंडं, गुडघे असं थोडं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि मी नोव्हेंबरच्या पानावर लाल पेनानं 'दादा' लिहिलं.

तारीख मी कधी लिहीत नाही. तो गेला २०२१ साली, नोव्हेंबरच्या २० तारखेला, शनिवारी. मी ऑफिसात ३बी भरत होतो. तारीख सम होती, माझ्या वाटणीची.