समज आणि कार्ड

रविवार, रात्री उशिरा

फुटबॉल मॅच संपल्यावर आफ्रिकन पोरांच्या टीमचा तो स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, आला. भांडायला नाही. हात मिळवला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "सर, उनको आप समझाते हो, हमको कार्ड देते हो." आणि गेला. शिवी घातली असती तर बरं झालं असतं; लाल कार्ड काढलं असतं आणि आत्ता घोरत पडलो असतो.

इतकी वर्षं पुण्यात एसएसपीएमएसच्या मैदानावरच्या धुळीत रेफरी म्हणून शिट्टी फुंकतोय, त्याचं हे फळ. मानधनाचं लिहीत नाही, गुडघ्याचंही नको. पण वर्णद्वेषी? मी? म्हणजे तो असं काही म्हणाला नाही, मीच ओढवून घेतलं. 2006 ला ओव्हलवर चेंडू कुरतडल्याचा ठपका ठेवला म्हणून क्रिकेट अंपायर डॅरेल हेअरवर पाकिस्तानचा अख्खा संघ रुसून बसला होता. माझ्यावर एकटा पोरगा, तोही हात मिळवून. त्यानंच जास्त लागलं.

दादाला फोन केला. "रिपोर्टात लिही आणि मोकळा हो." काय लिहू? खेळाडूनं नम्रपणे निरीक्षण नोंदवलं?

उत्तरार्धातलं त्याचं पिवळं बरोबरच होतं. बॉल निघून गेल्यावर बुटाचे स्टड घोट्यावर. आत्ताही तेच देईन. नियम साधा आहे: टॅकल निष्काळजी असेल तर नुसता फाउल, बेदरकार असेल तर पिवळं, अतिरेकी जोर असेल तर लाल. पुस्तकात वेगवेगळ्या ओळी आहेत, मैदानात अर्धा सेकंद. सहाफुटी दणकट पोरगा अंगावर गेला आणि आपला किडकिडीत विंगर कोलांट्या खात पडला, की ते बेदरकार दिसतंच. दिसतं की मी तसं बघतो?

असं बघणारे असतात, हे मोजलंय लोकांनी. प्राइस आणि वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या 1991 ते 2004 च्या मॅचेस तपासल्या. रेफरी आपल्या वर्णाचे नसले की खेळाडूवर फाउल थोडे जास्त. फरक बारीक, पण होता. 2007 मध्ये त्याचा गाजावाजा झाला आणि पुढच्या वर्षांत तो फरक दिसेनासा झाला. तेही रेफरी घरी जाऊन "मी? शक्यच नाही" म्हणत असतील.

पण हा पोरगा फाउलबद्दल बोललाच नाही ना! तो त्याआधीचं बोलला. आपल्या कॅप्टननं दोनदा जर्सी ओढली तेव्हा मी काय केलं? जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला: "ए राजा, हात खाली. आता नाव लिहीन हां." तो हसला, मीही हसलो. ह्या पोरांना लांबूनच शिट्टी, आणि हात थेट खिशाकडे. मराठीत दटावता येतं, लाडानं. इंग्रजीत मला फक्त 'नो' आणि 'लास्ट वॉर्निंग' येतं. हा पक्षपात आहे की दहावीचे मार्क? हिला विचारलं तर म्हणाली, "झोपा."

शनिवारची नेमणूक आली आहे. परत तीच टीम. अंगठा पाठवून दिला. आता खांद्यावर हात ठेवून बोलायची चार वाक्यं इंग्रजीत पाठ करतोय. धाकटी दारातून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा तू कार्डच दे."