सुईआधीची नळी

रविवार, रात्र

मानेच्या दुखण्यासाठी सध्या ॲक्युपंक्चरचे उपचार घेत आहे. केसासारखी बारीक सुई एका छोट्या नळीत घालून नळी त्वचेवर उभी टेकवायची, वर किंचित डोकावणाऱ्या टोकावर बोटाने हलकेच टकटक करायचे आणि मग नळी अलगद काढून घ्यायची, एवढीच ती कृती. नळीच्या कडेचा दाब आधीच जाणवत असल्याने सुई शिरल्याचे अनेकदा कळतही नाही, आणि नळीच्या आधारामुळे ती वाकतही नाही.

या नळीचे श्रेय जपानमध्ये ज्यांना दिले जाते, ते सुगियामा वाइची (१६१०–१६९४) लहानपणीच अंध झाले होते. ही विद्या शिकण्यासाठी ते एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेले. पण शिकण्यात मंद म्हणून गुरूंनी त्यांना परत पाठवले. पुढे एनोशिमा बेटावरच्या गुहेत त्यांनी बेंतेन देवीपुढे उपवास केले (ही बेंतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोहोचलेली आपली सरस्वतीच), आणि परतताना दगडाला ठेचकाळून पडले असता पाइनचे सुईसारखे पान अडकलेली पोकळ नळी त्यांच्या हाती लागली, अशी कथा आहे. कथेत खरे किती, याला माझ्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. सुई नेमकी आणि सरळ टोचण्याचे काम या नळीमुळे निव्वळ स्पर्शावर सोपवता आले, हे मला विलक्षण वाटते.

पाचवे शोगुन, म्हणजे जपानचे तेव्हाचे लष्करी शासक, त्सुनायोशी यांच्यावर सुगियामांनी उपचार केले आणि या शोगुनच्याच आश्रयाने अंधांना ही विद्या शिकवणारी शाळा उभी राहिली. पॅरिसमध्ये अंधांसाठी शाळा निघाली ती त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा ताबा घेतलेले अमेरिकी प्रशासन तिथल्या ॲक्युपंक्चरवर बंदी आणू पाहत होते, तेव्हा उपजीविका हिरावली जाईल म्हणून अंध उपचारकांनी कडाडून विरोध केला, आणि १९४७ च्या कायद्याने हा व्यवसाय परवान्यासह टिकला. आज त्याची राष्ट्रीय परीक्षा ब्रेलमध्येही देता येते.

आपल्याकडे अंध मुलांच्या हातांना मेणबत्त्या बनवणे आणि खुर्च्यांचे वेताचे विणकाम शिकवले जाते. दुखरी जागा चाचपून ओळखणारे हात म्हणून आपण त्यांच्याकडे क्वचितच पाहतो, याचे मला फार वाईट वाटते. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केलेलाच आहे. आता त्याच्या अभ्यासक्रमात अंध विद्यार्थ्यांसाठी ब्रेल पुस्तकांची आणि स्पर्शाने शिकता येतील अशा शरीराच्या प्रतिकृतींची सोय व्हावी.