नववा प्रश्न

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधाला आत्महत्या प्रतिबंध हा विषय घेतला तेव्हा आईने विचारलं, "ह्यां शिकान तू काय करतलंस?" मला उत्तर देता आलं नाही. क्लिनिकलला जायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला कोर्स लागतो. संशोधनाची वाट नेट आणि पीएच.डी.ची, एवढंच ठाऊक होतं.

विषय घरातच सापडला होता. देवगडला आमची हापूसची बाग. मोहोर आला की फवारणी सुरू होते आणि औषधाच्या बाटल्या पडवीतच पडून असतात. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या खूप घटल्या, हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी बाबांकडून त्या बाटल्या कुलपात घालून घेतल्या. बाबा कुरकुरले. गडी आल्यावर सकाळी किल्ली कोण शोधणार?

घरोघरी जाऊन आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायचं, असा माझा पहिला प्रस्ताव होता. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीने तो परत पाठवला. एकानेच प्रश्न केला: संध्याकाळी सात वाजता, वाडीत, बाई "हो" म्हणाली तर तू काय करणार? २०२२ मध्ये राज्यात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक, हे मला तोंडपाठ होतं. सात वाजताचं काही ठरवलेलं नव्हतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहिला होता, पण आमच्या वाडीत रेंज नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, चढावं लागतं. दुसऱ्या प्रस्तावात ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांची लेखी संमती, रात्री सोबत राहणारी गावची आशा सेविका (आमची आशाताई) आणि सड्याची पायवाटसुद्धा लिहिली. तीन महिने गेले, पण मंजुरी मिळाली.

खरी दमछाक प्रश्नावलीने केली. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी; तिच्यातला नववा प्रश्न असा, की मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार गेल्या दोन आठवड्यांत आले का. चाचणीसाठी शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर जवळजवळ सगळ्याच "हो"! एक आजी वाल सोलता सोलता म्हणाली, "आता देवान उचलल्यान तर बरां," आणि लगेच मला आमसुलं किती हवीत ते विचारू लागली. आमच्याकडे हे वाक्य जांभईसारखं येतं. म्हणून गुण मोजून न थांबता पुढे मालवणीतला एक प्रश्न जोडला: देवान न्हेवचां असां वाटतां, की आपणच जिवाचां कायतरी करून घेवचां असां? विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही, हे संशोधनातून दिसलेलं आहे. तरी पहिल्यांदा विचारताना माझाच घसा सुकला.

लोकांना भीती पोलिसांची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला धरतं, शिक्षेऐवजी मदत देतं, हे मी प्रत्येक घरी सांगायचे. अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं भारतीय दंड संहितेचं जुनं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत राहिलं नाही.

नवव्या घरातल्या बाईने (ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही) दुसऱ्या प्रश्नाला मान खाली घातली. बराच वेळ वालाची सालं बोटाने ओढत राहिली. मग म्हणाली, "आपणच." आशाताईला निरोप धाडला आणि तिघी सड्यावर चढलो. ती बाई माझ्या फोनवरून १४४१६ वर बोलत होती, मी करवंदीच्या जाळीपाशी, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. शेवटची एसटी खाली घाटात दिवे लावून गेली. आशाताईने थर्मासमधून चहा ओतला, तिसरा कप तिच्यासाठी झाकून ठेवला.