डोंगलचा दिवा लागला, पण सही होईना

२०१५ च्या सप्टेंबरातली गोष्ट. सांगलीत विश्रामबागला आमचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. तासगावचे एक ठेकेदार काका टेंडर भरायला आमच्याकडेच यायचे. त्या दिवशी ५ वाजता मुदत संपणार, आणि काका उगवले दीडला. चहा सांगून निवांत बसले.

डोंगल, म्हणजे डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं यंत्र, लावलं, दिवा लागला, कागद चढवले. सहीच्या जागी मात्र नुसता पांढरा चौकोन. तिथं जावा ॲपलेट, म्हणजे वेबपेजच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, उघडायला हवं होतं. सहीची किल्ली, म्हणजे सही करायला लागणारा गुप्त कोड, डोंगलच्या बाहेर येत नाही, त्यामुळे सही आपल्याच मशिनवर करावी लागते. आणि वेबपेजला थेट डोंगलपर्यंत पोचता येत नव्हतं. म्हणून मध्ये हे जावा.

"आरं, मागल्या म्हैन्यात झालं की ह्याच मशिनवर!"

खरं होतं काकांचं. एप्रिलमध्ये क्रोम ४२ ने जावासारखे जुने प्लगइन (ब्राउझरला जोडायचे जादा प्रोग्राम) बंद केले, तेव्हा मी आतलं एक सेटिंग बदलून वेळ मारून नेली होती. आता क्रोम ४५ गुपचूप येऊन बसलेलं, आणि त्यात ते सेटिंगच नाही.

लॅपटॉपवर नवं विंडोज १० होतं. त्यातलं एज ब्राउझर उघडलं, तर त्यात जावाची सोयच नाही. फायरफॉक्समध्ये चालायला हवं, तरी जावा दिसेना. पाऊण तास डोकं खाजवल्यावर उजेड पडला: ब्राउझर ३२ बिटचा आणि मी टाकलेलं जावा ६४ बिटचं! दोन्ही एकाच जातीचे असले तरच जुळतात. साइटवर सूचना काय, तर 'जावा आवश्यक'. कुठलं, कशावर, ते तुम्ही ओळखा.

३२ बिटचं टाकलं. मग जावानेच साइट असुरक्षित म्हणून अडवली. कंट्रोल पॅनेलमध्ये जावाच्या सिक्युरिटीत जाऊन साइटचा पत्ता अपवादांच्या यादीत घातला, ब्राउझर बंद करून परत उघडला. चौकोनात पिन मागणारी खिडकी आली.

काका पिन विसरलेले. शेवटी डायरीत दुधाच्या हिशेबाच्या पानावर सापडला. ४ वाजून ३८ मिनिटांनी पावती निघाली.

पुढे मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ नेही फ्लॅश सोडून बाकीचे प्लगइन काढले. तोवर मी एका जुन्या मशिनचे अपडेट बंद करून वर चिठ्ठी डकवली होती: 'टेंडरचं मशिन. दुसरं काही उघडू नये.' काका त्यावर रोज चहाचा कप ठेवायचे.